फेकनचं मोल

आसगाव, ता. पवनी
१६ सप्टेंबर २०२५

चंदास,

वर 'चि. सौ.' लिहिलेलं नाही आणि आशीर्वादही नाहीत. ते विसरून राहिलं असं समजू नकोस. तू उमरेडला दुसरं घर केलंस त्या दिवसापासून माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. तुझ्या आधीच्या सासूच्या, आनंदाबाईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकताच कापलास. म्हणून हे पत्र. अंगणवाडीत जन्म गेला माझा, अक्षर अजून वळणदार आहे. वाचता आलं नाही असं सांगू नकोस.

काम एवढंच. फेकनचं शाळेतलं नाव बदलायचं आहे, त्या अर्जावर आईची सही पाहिजे. अर्ज सोबत ठेवला आहे. सही कर आणि परत पाठव. मला तुझ्याशी दुसरं काही बोलायचं नाही.

पण कारण तर सांगावं लागेल, नाहीतर म्हणशील, सुलोचनाकाकूनं पुन्हा नाक खुपसलं. आठवीला यंदा अमर सर नावाचे मास्तर आले आहेत. सांगलीकडचे. शर्ट इस्त्रीचा, पण पोरांवर जीव आहे. सोमवारचा शेवटचा तास त्यांनी वेगळा ठेवला आहे. त्यात पुस्तक उघडायचं नाही, पोरांनी स्वतःबद्दल बोलायचं. राग कशाचा येतो, भीती कशाची वाटते, काय चांगलं जमतं. तेरा-चौदाचं वय, घरात कोणी विचारत नाही, बाहेर बोलू देत नाही. ऐकून मला बरंच वाटलं होतं.

गेल्या सोमवारी विषय निघाला 'माझ्या नावाची गोष्ट'. शेजारची खुशबू म्हणाली, ती झाली तेव्हा अंगणात मोगरा फुलला होता. टाळ्या. मोनू म्हणाला, खरं नाव मनोहर, पणजोबाचं. टाळ्या. मग सर म्हणाले, "फेकन, तुझ्या नावाचा अर्थ काय गं?" सर आपल्याकडचे नाहीत. त्यांना वाटलं असेल, एखाद्या फुलाबिलाचं नाव असेल.

ती उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "फेकन म्हंजे फेकलेली, सर."

कोणी हसलं नाही म्हणे. मग मागच्या बाकावरून मोनू म्हणाला, "आज पयल्यांदा खरं बोलली, सर! तिची माय तं खरंच फेकून गेली तिले." सरांनी त्याला बाहेर काढलं, पण तोंडातून गेलेला शब्द काय परत येतो? आधीच पोरं तिला 'फेकते' म्हणून पिडतात. गणितात पहिली आली तरी फेकते, पोटात दुखतं म्हणाली तरी फेकते. हे सगळं मला खुशबूनं सांगितलं. फेकन एक अक्षर बोलली नाही.

तेव्हापासून हजेरीत नाव आलं की ती 'हजर' म्हणत नाही. समोर बसलेली असते आणि गप्प राहते. तिला 'फाल्गुनी' व्हायचं आहे. हेडमास्तर म्हणाले, बदलायचं तर यंदाच बदला, दहावीच्या कागदावर गेलं की जन्मभर तेच. बापाची सही नाहीतर आईची. सेवकराम काही वरून उतरून सही करणार नाही. तू जिवंत आहेस.

हे नाव कुठून आलं ते विसरली असशील तर आठवण देते. आधीची दोन्ही लेकरं तुझ्या मांडीवर गेली. ही झाली तेव्हा आनंदाबाईनं सुपात कोंडा पसरला, वर पोर ठेवली, सूप नेऊन उकिरड्यावर ठेवलं. तू पाठमोरी उभी राहून म्हणालीस, "हे माही नाही, मी फेकली." ठरल्याप्रमाणे मी वाटेनं आले. "कोनाची पोर होय वं?" विचारलं. कोणी उत्तर द्यायचं नसतं, कोणी दिलं नाही, आणि मी उचलली. यमाला वाटावं, टाकलेली वस्तू, कशाला न्या. नावही तसंच ठेवलं. पोर जगली. आता त्या नावानं ती वर्गात रोज मरते आहे, आणि ते तुझ्या एका सहीनं थांबणार आहे.

पत्र फेकनच्याच हाती देते आहे, टपालपेटी शाळेच्या वाटेवर आहे.

सुलोचनाबाई

आसगाव
४ ऑक्टोबर २०२५

चंदास,

दसरा झाला, तुझं पाकीट आलं नाही. नाही म्हणायचं तर तेही कागदावर म्हण.

इथली हालत ऐक. पोरीनं तुझ्या सहीची वाट पाहिली नाही. सगळ्या वह्यांवर निळ्या शाईनं 'फाल्गुनी' लिहिलं, खाली वेल काढली. त्याच आठवड्यात तिला ताप भरला. आनंदाबाईनं वह्यांचे पुठ्ठे फाडून चुलीत घातले. "नाव बदलशीन तं पोर हातची जाईन," म्हणत होती. पवनीच्या डॉक्टरनं साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या, तापही उतरला. पण आनंदाबाईच्या लेखी तो पुठ्ठे जळाले म्हणून उतरला. मी भांडले नाही. दोन नातवंडं पुरलेल्या बाईशी कोणत्या तोंडानं भांडू?

पोरगी मात्र भिंतीकडे तोंड करून झोपली आणि म्हणाली, शाळा बंद.

अमर सर घरी आले. मला वाटलं आता भाषण देतील, शिक्षणाचं महत्त्व वगैरे. ते खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "फेकन, चूक माझी झाली. वर्गात विचारण्याआधी मी तुला एकटीला विचारायला हवं होतं." ती वळली. मास्तरला माफी मागताना तिनं कधी पाहिलं नव्हतं, मी तरी कुठं पाहिलं होतं. मग म्हणाले, "नाव कोणतं ठेवायचं ते तू ठरव. आजी नाही, मी नाही, अर्जही नाही. घाई नको. तोवर हजेरीत तुला नंबरानं हाक मारू का? एकवीस."

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी गेली. "एकवीस?" "हजर, सर." एवढ्यावर सध्या शाळा चालू आहे. नंबराच्या काडीवर उभं केलेलं छप्पर आहे हे, कधी बसेल सांगता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. परवा मी फोडणी घालत होते, ती चुलीजवळ येऊन बसली. "मोठी माय, उकिरड्यावरून उचलली का मायनं परत इकत घ्याव लागते ना? पायलीभर धान देऊन?"

म्हटलं, हो, तशी रीत आहे.

"मंग माह्या मायनं देल्लं काय तुले?"

मी म्हटलं, भाजी करपते आहे. भाजी करपत नव्हती.

तू दिलं नाहीस हे मला ठाऊक आहे, घेणारी मीच होते. का दिलं नाहीस ते मी कधी विचारलं नाही. वाटलं, देशील, घाई काय. पण पोरीनं आता हिशोब जुळवला आहे. नावानं फेकली, मग माय निघून गेली, आणि मधे कधी परत घेतलीच नाही. तिच्या जागी तू असतीस तर काय समजली असतीस? तिला मी काय सांगू, ते लिहून पाठव. सही राहू दे. आधी हे लिही.

हेही पत्र तीच टाकणार आहे.

सुलोचनाबाई

आसगाव
१८ ऑक्टोबर २०२५

चंदा,

तू माणूस आहेस की कोण आहेस?

गुरुवारी पोरगी दप्तर घेऊन शाळेला निघाली आणि पवनीच्या स्टँडवर जाऊन उमरेडच्या एस.टी.त बसली. पत्ता तिला कुठून मिळाला हे विचारू नकोस.

इकडे सरांनी "एकवीस" म्हटलं, उत्तर नाही. त्यांनी लगेच खुशबूला घरी पाठवलं. घरी नाही, माझ्याकडे नाही. मी तलावाकडे धावले. आनंदाबाई पाळीवर उभी राहून पाण्याकडे तोंड करून हाका मारत होती, "फेकन! वं फेकन!" सगळं गाव गोळा झालं. दोन पोरं पाण्यात उतरली. त्यातला एक मोनू होता, ओठ पांढरे पडले होते त्याचे. सर मोटारसायकलीवर पवनीला गेले, तिथून भिवापूरला. माझ्या मनात त्या दुपारी काय काय आलं ते मी कागदावर लिहिणार नाही.

दिवस बुडता बुडता ती बसमधून उतरली. आनंदाबाईनं एक थोबाडीत दिली आणि मग गळ्याशी धरून बसली. सरांनी एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

काल सकाळी तिनं मला सांगितलं. रडली नाही. तू दार उघडलंस, पिवळं लुगडं होतं म्हणे, कडेवर तुझा बारका. आतून तुझ्या सासूनं विचारलं, "कोन होय वं?" आणि तू म्हणालीस, "कोनी नाही, आमच्या गावची पोरगी होय."

पाणी दिलंस. दिवाळीचा चिवडा पुडीत बांधून दिलास. मग दार लोटलंस. तो चिवडा तिनं उघडला नाही, माझ्या फळीवर तसाच आहे.

पुडी ठेवताना म्हणाली, "मोठी माय, उकिरड्यावर बी मायनं असंच म्हनलं होतं ना? 'माही नाही.' तवापासून म्हनूनच राहिली."

चंदा, तेव्हाचं म्हणणं यमासाठी होतं. गुरुवारचं कोणासाठी होतं? सासूसाठी? तू लग्न केलंस याचा मला राग नव्हता. तरणी होतीस, एकटी काय करणार होतीस. पोरीला सोडून गेलीस त्याचा होता, आणि जाताना मी तुला बोलले त्यातला एक शब्दही मी परत घेत नाही.

आता दिवाळीची सुट्टी आहे. सुट्टी संपल्यावर शाळेत जाणार नाही म्हणते, धानकापणीला मजुरीनं जाणार म्हणते. सर म्हणाले, सुट्टीभर तिला कोणी काही विचारू नका. मी विचारत नाही. पण तुला विचारते. उत्तर आलं नाही तर मीच उमरेडला येईन आणि तुझ्या अंगणात उभी राहून मोठ्यानं विचारेन, ही कोणाची पोर होय.

सुलोचनाबाई

आसगाव
१२ नोव्हेंबर २०२५

चंदास,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग बाहेर जाऊन बसले.

तू लिहितेस, पायली भरून माझ्या दारापर्यंत आली होतीस. पोर वर्षाची झाली तेव्हा. त्याच दिवशी तिला डांग्या खोकला लागला, म्हणून दारातूनच परत गेलीस. मग इतकी वर्षं हिंमत झाली नाही. चौथीत गेली तेव्हा पुन्हा धान मोजून ठेवलंस आणि सेवकरामला साप चावला. "काकू, मले वाटलं माही म्हनलं का जाईन. माही नाही तोवर जिती राहीन." असं लिहिलं आहेस. तुझं अक्षर तिथं फिसकटलं आहे.

हे मला कधीच सुचलं नव्हतं. मी समजत होते, तू आळसानं दिलं नाहीस, मग पोर मनातून उतरली म्हणून दिलं नाहीस. एवढं पटलं मला. पुरतं पटलं.

दारातल्या बोलण्याचं मात्र अर्धंच पटलं. तुझ्या नवऱ्याला, वीरेंद्रला, पोर असल्याचं ठाऊक आहे, सासूला सांगितलेलं नाही, आणि तोंडातून सवयीनं तेच निघालं म्हणतेस. सवय असेल. भीतीही असेल. पण त्यातली यमाची किती आणि सासूची किती, ते तूच निवडून पाहा.

पत्र पोरीला दाखवू नको असं लिहिलं होतंस. मी दाखवलं. ती तुझ्या पोटातली आहे आणि ही गोष्ट तिच्याच जिवाची आहे. तिनं पूर्ण वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "मंग आता घेईन काय?"

म्हणजे घेशील का तिला. तू लिहिलं आहेस, सात डिसेंबरच्या रविवारी धान घेऊन येते. मी तिला तेच सांगितलं. तिनं सरांनाही जाऊन सांगितलं, "सात तारखेपर्यंत एकवीसच राहू द्या, सर." त्या बोलीवर शाळेत जाते आहे. तारीख टळली तर ती पुन्हा बाकावर बसेल असं मला वाटत नाही, हे तुला आधीच सांगून ठेवते.

शाळा सुटली की ती कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमधून सरवा वेचत हिंडते. गळून पडलेल्या लोंब्या. सरव्यावर मालक हक्क सांगत नाही, वेचेल त्याचा. खुशबू असते सोबत, एकदोनदा मोनूही दिसला, लांबूनच वेचून तिच्या टोपलीत टाकत होता. विचारलं, "कायले वं एवढा सरवा?" तर म्हणाली, "पाहू."

आनंदाबाईला तू येणार हे सांगितलं आहे. तिनं तेव्हापासून देवापुढे दिवा लावला आहे. तू यावीस म्हणून की येऊ नयेस म्हणून, ते मी विचारलं नाही.

ये. मी भांडणार नाही.

सुलोचनाकाकू

आसगाव
९ डिसेंबर २०२५

चि. सौ. चंदास अनेक आशीर्वाद.

हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं रागानं लिहिलं आहे असं तुला वाटायला नको.

रविवारी पोरगी न्हाली, शाळेचा नाही तर पोळ्याला घेतलेला फ्रॉक घातला आणि पहिल्या बसपासून फाट्यावर जाऊन उभी राहिली. दुपारी मी भाकर नेऊन दिली. प्रत्येक बस थांबली की पुढच्या दाराकडे जायची. शेवटची बस गेल्यावर घरी आली. तुझा निरोप आनंदाबाईच्या फोनवर आला होता, सासूची तब्येत बरी नाही, पुढच्या महिन्यात पाहू. तिनं तो वाचला, फोन आजीला दिला आणि गाईला पाणी पाजायला गेली.

मनात म्हटलं, गेली शाळा.

सोमवारी दुपारी ती माझ्या दारात. गणवेशात, डोक्यावर गाठोडं, हातात आनंदाबाईची पायली, काखेत सूप. "मोठी माय, शाळेत चाल. सरले इचारून ठेवलं आहे."

शेवटचा तास होता. सर मागच्या बाकावर पोरांमधे बसले होते. ती टेबलाजवळ उभी राहिली. "त्या दिसी माह्या नावाची गोष्ट आर्धी राहिली होती," म्हणाली, आणि सांगितली. दोन भावंडं गेली ते, सूप, उकिरडा, तू पाठमोरी उभी राहिलीस ते. "माह्या मायले माही लय भीती वाटे. मी मरीन म्हनून तिनं मले परत घेतलंच नाही." उमरेडचं एक अक्षर काढलं नाही. तुझी अब्रू तिनं राखली, हे लक्षात ठेव.

मग गाठोडं सोडलं. सरव्याचं धान. पायानं मळून, पाखडून, खडा न् खडा वेचून काढलेलं. पायली भरली, वर शीग लावली आणि माझ्यासमोर धरली.

"मोठी माय, हे घे. मी मले इकत घेऊन राहिली."

अशी रीत मी कधी ऐकली नव्हती. घेणारा आणि विकलेलं एकच, असं कुठं असतं? पण ती थांबली होती, सगळा वर्ग थांबला होता, आणि मला एकदम कळलं की ती कशासाठी थांबली आहे. उचलणारीनं विचारावं लागतं. उकिरड्यावर मी जे विचारलं होतं तेच.

मी विचारलं, "कोनाची पोर होय वं?"

तिनं माझ्याकडे पाहून सांगितलं, "माही होय."

मी पदर पसरला, तिनं धान ओतलं. रडू आलं मला, सगळ्यांदेखत. आनंदानं आलं, आणि थोडं यामुळंही की आजवर ती कागदावर नाही तरी रीतीनं माझी होती, आता तेवढीही राहिली नाही. खोटं कशाला लिहू.

तेवढ्यात मोनूनं विचारलं, चिडवून नाही, खरंच विचारलं, "मंग आता तुले फाल्गुनी म्हनाचं काय?"

ती म्हणाली, "पायलीभर धान देल्लं न्, नाव कायले सोडू? नाव बी त्याच्यातच आलं."

वर्ग हसला. तीही हसली. सर उठून टेबलाशी आले, हजेरी उघडली आणि म्हणाले, "एकवीस?" ती म्हणाली, "नंबर नको, सर. नाव घ्या." तेव्हा त्यांनी सावकाश वाचलं, "फेकन सेवकराम भुरे."

"हजर, सर."

मोलाचं धान उचलणारीनं शिजवून खावं लागतं, त्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. संध्याकाळी मी त्यातलं चार मुठी कांडलं, भात टाकला. आनंदाबाई उंबऱ्यात बसून होती, आत येईना. पोरगी उठली, ताट घेऊन तिच्यापुढे बसली, म्हणाली, "आजी, खाय. मी काई मरत नाही." म्हातारीनं डोळे मिटून घास घेतला. आज सकाळपासून दहादा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही. मघाशी दप्तर घेऊन शाळेत गेली.

सही नको आता. अर्ज फाडून टाक.

तू ये, मात्र धान आणू नकोस. पोर आता विकाऊ नाही. भेटायला ये. दुपारच्या बसनं आलीस तर शाळा सुटायच्या आत पोचशील, फाटकाशीच उतरता येतं. तिला बाहेर बोलाव. नाव सांगितलंस की पुरे, शाळेत एकच फेकन आहे.

फाटकावर शिपाई बसतो. तो बाहेरच्या प्रत्येकाला विचारतो, कोण लागते तुमची. त्याचं उत्तर बसमधेच ठरवून ये.

तुझी
सुलोचनाकाकू